शाळा सोडतांना

फेब्रुवारी महिना लागला, कीं आपल्या शाळांतून निरोप-समारंभांचे दिवस सुरू होतात. पताका लागतात, फळ्यावर रंगीत खडूनें ‘सुस्वागतम्’ लिहिलें जातें, शेवटच्या वर्गांतील मुलेंमुली पहिल्या रांगेंत येऊन बसतात, आणि मग मुख्याध्यापक बोलावयास उभे राहतात. ते काय बोलणार हें ऐकणारांस बहुधा ठाऊक असतें. तुम्ही उद्यांचे नागरिक आहां, देशाचें भवितव्य तुमच्या हातीं आहे, शाळेचें नांव काढा, देशाची सेवा करा. बोलणाराचा हेतु शुद्ध असतो. ऐकणारांचीं मनेंही त्या दिवशीं हळवीं झालेलीं असतात. तरीपण समारंभ आटोपून पेढा हातावर पडेपर्यंत त्या शब्दांपैकीं कितीसे लक्षांत राहतात, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. मी माझ्यापुरतें सांगतों: मला पेढा आठवतो.

हा उपदेश पोकळ असतो असें मला म्हणावयाचें नाहीं. त्याच्या पाठीमागें मोठा इतिहास आहे. एके काळीं आपल्या या महाराष्ट्रांत याच शब्दांसाठीं माणसांनीं मोठ्या पगाराच्या जागा नाकारल्या, विद्यार्थ्यांनीं दंड सोसले, आणि सरकारनें शाळा बंद पाडल्या. तेच शब्द तेव्हां इतके जड कां होते, आणि आज समारंभाबरोबर विरून कां जातात, या प्रश्नाचा आपण थोडा विचार करावा, असा आजच्या भाषणाचा उद्देश आहे.

प्रारंभ मुंबईपासून करूं. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापक व विद्यार्थी यांनीं मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ या नांवाची सभा स्थापन केली. निबंध वाचावे व त्यांवर चर्चा करावी, हा तिचा आरंभींचा क्रम. पण लौकरच या तरुणांस असें वाटूं लागलें, कीं आपण जें शिकलों तें दुसऱ्यांस शिकविल्याखेरीज या चर्चेला अर्थ नाहीं. १८४९ मध्यें त्यांनीं मुंबईंत मुलींसाठीं शाळा काढल्या, आणि आपलें नेहमींचें काम संभाळून सकाळच्या वेळीं ते तेथें विनावेतन शिकवूं लागले. दादाभाई नौरोजी हे त्यांपैकींच एक. घरोघर जावें, मुलींस शाळेंत पाठवा म्हणून आईबापांची मनधरणी करावी, कोणीं ऐकून घ्यावें, कोणीं दारांतूनच परत पाठवावें, असें तें काम होतें.

दादाभाईंनीं पुढें या आपल्या वृत्तीचें मूळ सांगितलें आहे. लहानपणींच वडील वारलेले, आईनें कष्टानें वाढविलेलें, असा हा मुलगा. त्याचें शिक्षण फी न देतां झालें. मोठेपणीं त्यांच्या मनांत आलें, कीं या शिक्षणाचा खर्च गोरगरिबांच्या पैशांतून झाला. मीही त्यांच्यांतलाच एक. तेव्हां जें त्यांच्याकडून घेतलें तें त्यांची सेवा करून परत करणें मला प्राप्त आहे. या विचारांत देशभक्तीचा डौल कोठेंही नाहीं. हिशेब मात्र आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें मानलीं. दादाभाईंनीं त्यांत, ज्याच्या करावर आपली शाळा चालली त्या अनामिक मनुष्याच्या ऋणाची भर घातली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तीस वर्षांनीं हाच विचार पुण्यांत अधिक कडक रूपानें पुढें आला. डेक्कन कॉलेजांत दोन विद्यार्थी रात्र रात्र जागून एकाच विषयावर वाद करीत: शिक्षण तर संपत आलें, आतां पुढें काय? त्यांतले एक बाळ गंगाधर टिळक, आणि दुसरे गोपाळ गणेश आगरकर. आगरकरांच्या घरीं अठराविश्वें दारिद्र्य. मुलगा एम्. ए. होईल, मोठी नोकरी धरील, आणि आपले दिवस पालटतील, ही आईची आशा; आणि ती आशा धरण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. त्या आईला आगरकरांनीं पत्रानें कळविलें, कीं मोठ्या पगाराची वाट पाहूं नकोस. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी आपला वेळ परहिताकडे लावणार आहें. हें पत्र महाराष्ट्रांत पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याची आठवण काढतांना आपण मुलाकडे पाहतों, आईकडे पाहत नाहीं. देशसेवेची किंमत देणारा क्वचितच एकटा असतो. ती त्याच्या घरांतल्या माणसांकडूनही वसूल होते, आणि पुष्कळदां त्यांस न विचारतां होते. निरोपाच्या भाषणांत ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. पण ती सांगितल्यावांचून त्यागाचा खरा अर्थ मुलांना कळावयाचा नाहीं.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेंत शिक्षक होते. १८७४ सालीं सुरू केलेल्या ‘निबंधमाले’मुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला, आणि जानेवारी १८८० मध्यें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. टिळक आरंभापासूनच त्यांस मिळाले. महादेव बल्लाळ नामजोशी, वामन शिवराम आपटे व आगरकर हे मागोमाग आले. वर्षभरानें, जानेवारी १८८१ मध्यें, याच मंडळींनीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें काढलीं. १८८२ च्या मार्चांत विष्णुशास्त्री अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारले. त्याच सालीं कोल्हापूर प्रकरणांतील अब्रुनुकसानीच्या खटल्यांत टिळक व आगरकर यांस शिक्षा झाली, आणि मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. आपल्याला काल गणित शिकविणारे गुरुजी आज तुरुंगांत आहेत, आणि उद्यां सुटून आले म्हणजे पुन्हां फळ्यापुढें उभे राहणार आहेत, हें त्या शाळेंतील मुलांनीं प्रत्यक्ष पाहिलें. अशा गुरुजींनीं देशभक्तीवर निराळें व्याख्यान न दिलें तरी काय बिघडणार होतें?

पुढें २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. सोसायटीच्या आजीव सभासदानें वीस वर्षें काम करण्याचें वचन द्यावयाचें, आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर राहावयाचें, असा क्रम ठरला. सरकारी विद्याखात्यांत तशा योग्यतेच्या मनुष्याला याहून पुष्कळच अधिक मिळत असे. आपण मात्र एक गोष्ट नजरेआड करतां कामा नये. या कॉलेजाला नांव दिलें तें मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचें. आणि संस्था सरकारी अनुदानही घेत असे. स्वावलंबनाचा बाणा आणि सरकारचें साहाय्य हीं दोन्ही एका घरांत नांदत होतीं. त्यागाच्या नियमावरूनही घरांत बेबनाव झालाच. आजीव सभासदानें बाहेर उत्पन्न मिळवावें कीं नाहीं, या व अशा वादांतून १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. थोर माणसांची संस्था म्हणजे भांडण नसलेली संस्था, अशी आपली भाबडी समजूत असते. ती या इतिहासानें दूर व्हावी.

आतां एका निरोपाची हकीकत सांगतों. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ सालीं न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक म्हणून आले, आणि पुढें फर्ग्युसन कॉलेजांत प्राध्यापक झाले. वचनाप्रमाणें आपलें काम पुरें करून १९०२ च्या सप्टेंबरांत ते सार्वजनिक जीवनासाठीं कॉलेज सोडून निघाले, तेव्हां विद्यार्थ्यांनीं त्यांस मानपत्र देऊन निरोप दिला. म्हणजे येथें नेहमींचा समारंभ उलटा झाला होता: शाळा सोडून चालले होते ते गुरु, आणि निरोप देत होते ते शिष्य. गोखल्यांनीं उत्तरादाखल केलेल्या इंग्रजी भाषणांत आपल्या संस्थेचें मर्म सांगितलें. आजचे हिंदी लोकही ऐहिक कामासाठीं एकत्र येऊं शकतात, आणि जो उत्साह आपण एरव्हीं केवळ धर्मकार्यांत पाहतों त्याच उत्साहानें, स्वार्थ बाजूला ठेवून, तें काम करूं शकतात, हें या संस्थेनें दाखवावयाचें आहे, असें ते म्हणाले. दुसऱ्यावरचा भार हळूहळू कमी करून स्वतःच्या पायांवर उभें राहणें, हें त्यांनीं तिचें ध्येय सांगितलें.

मग त्यांनीं एक गोष्ट सांगितली. समुद्रकांठीं एक मनुष्य राहत होता. त्याचें घर चांगलें, शेत पिकतें, बायकामुलें प्रेमळ. लोक त्याला सुखी समजत. पण समुद्राची त्याला विलक्षण ओढ होती. समुद्र शांत असो कीं खवळलेला असो, तो त्याला बोलावीत असे. अखेर आपलें सर्वस्व एका होडींत घालून त्यानें ती पाण्यांत लोटली. दोनदां लाटांनीं त्याला परत फेंकलें. तिसऱ्यांदां समुद्रानें त्याला गिळलें. माझी स्थिति कांहीं अंशीं त्या मनुष्यासारखी आहे, असें गोखले म्हणाले. सार्वजनिक जीवनांत मोबदला थोडा आणि कसोटीचे व निराशेचे प्रसंग पुष्कळ, हेंही त्यांनीं त्या तरुणांपासून लपवून ठेवलें नाहीं. छत्तीस वर्षांचा हा मनुष्य बुडण्याची शक्यता मान्य करून निघाला होता. उपदेश करणाऱ्यानें आपली होडी आधीं पाण्यांत लोटली, म्हणजे त्याच्या शब्दांना वजन येतें. तीन वर्षांनीं, १२ जून १९०५ रोजीं, गोखल्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली.

परंतु श्रोतेहो, ही झाली सोपी बाजू. खरी कसोटी त्याच १९०५ सालीं आली. वंगभंगाच्या चळवळीनें देश पेटला होता. ऑक्टोबर महिन्यांत पुण्यास विनायक दामोदर सावरकर व त्यांचे सोबती यांच्या पुढाकारानें परदेशी कापडाची होळी झाली. सावरकर त्या वेळीं फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी होते व तेथील वसतिगृहांत राहत होते. कॉलेजचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं त्यांस दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहांतून काढून टाकलें. विद्यार्थ्यांस स्वदेशीच्या कामापासून आवरूं पाहणाऱ्या अशा अध्यापकांवर ‘केसरी’नें ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याखालीं जळजळीत टीका केली.

या प्रसंगाचा न्याय करावयाचा तर आधीं दोन्ही पक्ष नीट समजून घेतले पाहिजेत. परांजपे हे पोटार्थी अध्यापक नव्हते. १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत ते सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी. त्यांना सरकारी नोकरींत हवी ती जागा मिळाली असती. ती सोडून, पूर्वीं दिलेल्या वचनाप्रमाणें, ते १९०२ सालीं पंचाहत्तर रुपयांच्या संस्थेंत परत आले. विद्यार्थ्यांच्या उत्साहामुळें कॉलेजचें अनुदान गेलें, विद्यापीठाशीं असलेला संबंध तुटला, तर वीस वर्षांच्या श्रमानें उभारलेलें घर एका रात्रींत बसेल, ही भीति निराधार नव्हती. १९०७ सालीं हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचें परिपत्रक निघालें. राजकीय चळवळींत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांस न आवरणाऱ्या संस्थांचें अनुदान व मान्यता काढून घेण्याचा धाक त्यांत स्पष्ट शब्दांत घातलेला होता. गोखल्यांचें मतही परांजप्यांस जवळचें होतें. विद्यार्थ्यांनीं राजकारणाचा अभ्यास अवश्य करावा, पण प्रत्यक्ष चळवळींत पडूं नये, तयारीचा काळ तयारींतच घालवावा, असें त्यांनीं १९०९ सालीं मुंबईच्या विद्यार्थ्यांपुढें प्रतिपादन केलें.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही तितकेंच वजनदार होतें. ज्या शाळा देशभक्ति शिकविण्यासाठीं काढल्या, त्यांतील विद्यार्थ्यानें खरोखरच देशभक्ति दाखविली, कीं त्याला दंड करावयाचा, हा कोठला न्याय? परीक्षा होईपर्यंत गप्प बसावयास शिकलेला तरुण परीक्षा झाल्यावर बोलूं लागेल, याची हमी कोण देणार? परीक्षेनंतर नोकरी येते, नोकरीनंतर संसार येतो, आणि गप्प बसण्याची कारणें जन्मभर पुरतात.

यांतून मार्ग काढण्याचा एक प्रयत्न कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं केला. सरकारचें अनुदान नको, सरकारची परीक्षाही नको, शिक्षण मराठींतून द्यावें, मुलांना हातांनीं काम करावयास शिकवावें, या धोरणानें त्यांनीं समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा उभारली. पुढें ती तळेगांव येथें चालली. १९०८ सालीं ‘विश्ववृत्त’ मासिकांतील एका लेखाबद्दल विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला, आणि १९१० सालीं सरकारनें त्यांची शाळाही बंद केली.

तेव्हां आपण कोणाला दोष द्यावा? फर्ग्युसन कॉलेज टिकलें, आणि त्यानें पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक, वकील, कार्यकर्ते व संशोधक देशाला दिले. समर्थ विद्यालय टिकलें नाहीं, पण आपली शाळा आपल्या बळावर चालूं शकते हा विचार तें मागें ठेवून गेलें. १९२१ सालीं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालें तें त्याच विचारानें. माझें मत विचाराल, तर त्या दंडाच्या बाबतींत प्राचार्य चुकले असें मला वाटतें. घर राखणें हें गृहस्थाचें कर्तव्य खरें. परंतु घर ज्यासाठीं बांधलें तें माणूसच बाहेर काढून घर राखलें, तर राखलें काय? तथापि माझ्या डोक्यावर अनुदानाची तरवार लोंबकळत नाहीं, आणि शेंकडों विद्यार्थ्यांचा भार माझ्या शिरावर नाहीं, हेंही मी विसरत नाहीं. दूर बसून दिलेला न्याय नेहमींच स्वस्त असतो.

आतांपर्यंत आपण ज्यांची कथा ऐकली, ते सर्व शाळेच्या आंत होते. जे शाळेच्या दारापर्यंतच आले नाहींत त्यांच्याविषयीं काय? हा प्रश्न पुण्यांतच, आणि न्यू इंग्लिश स्कूल नुकतें कोठें उभें राहत असतांनाच, महात्मा जोतीराव फुले यांनीं विचारला होता. १८८२ सालीं हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं दाखवून दिलें, कीं सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामांतून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांनीं मागणी केली. त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालींच पुण्यांत मुलींची शाळा काढलेली होती, म्हणून या मागणीमागें नुसता युक्तिवाद नव्हता. पदवीधरांस देशसेवेचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक वक्त्याला हा प्रश्न अडचणींत टाकणारा आहे. देश म्हणजे कोण? समोरच्या खुर्च्यांवर बसलेली मुलें, कीं त्या खुर्च्यांवर कधींच बसूं न शकलेलीं मुलें?

हा प्रश्न ज्यांनीं मनाला लावून घेतला, त्यांत धोंडो केशव कर्वे हे एक. टिळकांच्या मागून, १८९१ सालीं, ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यासाठीं आले. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, आणि तो पुढें हिंगण्यास नेला. कॉलेजांतलें काम आटोपलें, कीं अण्णासाहेब पायीं हिंगण्याची वाट धरीत. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. कर्वे हे फर्डे वक्ते म्हणून कधींच प्रसिद्ध नव्हते. पण रोज संध्याकाळीं गांवाबाहेर चालत जाणारा हा प्राध्यापक ज्या विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल, त्यांना नागरिकाचें कर्तव्य म्हणजे काय, हें निराळें सांगावें लागलें नसेल.

गोखल्यांनींही या ऋणाचा विचार केला. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. मागणी फार माफक होती: ज्या ठिकाणच्या स्थानिक संस्था तयार असतील, तेथें सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचें करावें. पुढल्या वर्षीं १९ मार्च रोजीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. असें होणार हें गोखल्यांस आधींच ठाऊक होतें. पुढल्या पिढ्या आपल्या यशानें देशाची सेवा करतील, आमच्या पिढीनें मुख्यतः अपयशानेंच ती करावयाची आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं त्या प्रसंगीं काढले. १९०२ सालच्या गोष्टींतील होडी येथें पुन्हां एकदां लाटेनें परत फेंकली गेली.

जें कायद्यानें झालें नाहीं, तें सातारा जिल्ह्यांत एका माणसानें आपल्या हातांनीं आरंभिलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील कालें येथें भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं सातारा येथें वसतिगृह निघालें. सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, आणि एका पंक्तीस जेवीत. स्वावलंबी शिक्षण हें संस्थेचें ब्रीद होतें. श्रम करावे आणि शिकावें, हा तिचा नित्यक्रम. मुलांच्या पोटाला कमी पडूं नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिलें. आगरकरांच्या आईची आठवण मी मघाशीं काढली ती याचसाठीं. ज्या इतिहासांत केवळ संस्थापकांचीं नांवें लिहिलीं जातात, तो अर्धाच इतिहास होय. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं या वसतिगृहाला भेट दिली, आणि त्याला छत्रपति शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

शेवटचें उदाहरण खानदेशांतलें आहे. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ सालीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. छात्रालयांतील मुलांचीं अंथरुणें ते आवरून ठेवीत, त्यांचे कपडे धूत, आणि त्यांच्यासाठीं स्वतःच्या हातानें लिहून ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक चालवीत. १९३० सालीं सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां साने गुरुजींनीं नोकरी सोडली व ते तुरुंगांत गेले. गोखल्यांचा मार्ग आणि साने गुरुजींचा मार्ग यांत अंतर पुष्कळ. पण दोघांनींही एक गोष्ट सारखी केली. वर्गांत जें सांगितलें, तें निभावण्यासाठीं वर्ग सोडण्याची वेळ आली, तेव्हां आधीं ते स्वतः बाहेर पडले.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. ते शब्द तेव्हां जड होते, कारण बोलणाऱ्यानें त्यांची किंमत आधीं स्वतः दिलेली असे, आणि ऐकणाऱ्याला ती डोळ्यांनीं दिसत असे. त्या काळीं एक सोयही होती. राज्य परक्याचें असल्यामुळें देशभक्तीला विरोधक समोर उभा दिसत होता. १९४७ नंतर ती सोय राहिली नाहीं. राज्य आपलें झालें, आणि देशभक्तीचें काम सोपें होण्याऐवजीं सूक्ष्म झालें. १९८९ सालापासून आपल्या देशांत अठराव्या वर्षीं मताचा अधिकार मिळतो. म्हणजे निरोप-समारंभांत पहिल्या रांगेंत बसलेलीं हीं मुलें दोन-तीन वर्षांत राज्यकर्ते निवडणार असतात. गोखल्यांचें फेटाळलेलें विधेयकही निराळ्या व मोठ्या रूपानें परत आलें. २००२ सालीं संविधानाच्या ८६ व्या दुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि त्यासंबंधींचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. अपयशानें केलेली सेवा अठ्ठ्याण्णव वर्षांनीं फळास आली. मात्र कायदा पुस्तकांत आला, म्हणजे मूल शाळेंत आलें असें होत नाहीं. त्या दोहोंमधलें अंतर कोणीतरी पायीं तुडवावें लागतें, आणि तें तुडविणारीं माणसें शाळांतूनच निर्माण व्हावयाचीं असतात.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी नम्र सूचना आहे, कीं निरोपाच्या दिवशीं त्यांनीं मुलांपुढें भवितव्याचीं चित्रें थोडीं कमी रंगवावीं, आणि दादाभाईंप्रमाणें एक हिशेब मांडावा. ही इमारत कोणाच्या पैशांतून उभी राहिली? या बांकावर बसण्यासाठीं कोणीं भांडण केलें, कोणीं दगड खाल्ले, कोणीं दागिने मोडले? तुमच्या वयाचें कोण अजून या दाराबाहेर आहे? आणि मग आपण स्वतः या ऋणापैकीं किती फेडलें, हेंही एका वाक्यांत सांगावें. तें वाक्य लहान असलें तरी चालेल. मुलें तें विसरणार नाहींत.

आणि जे आईबाप माझें हें बोलणें घरीं बसून ऐकत आहेत, त्यांनाही एक विचारावेंसें वाटतें. आपल्या मुलानें देशाची सेवा करावी असें आपणां सर्वांस वाटतें. परंतु ती त्यानें आपल्या घरच्या आशेला धक्का न लावतां करावी, अशी आपली मनांतली अट असते. उद्यां आगरकरांसारखें एखादें पत्र आपल्या घरीं आलें, तर आपण त्याला काय उत्तर पाठवूं? निरोप-समारंभाच्या आधीं, रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, घरांतल्या मुलांशीं याविषयीं मोकळेपणानें बोलून पाहावें. शाळेंत जें एका दिवसांत सांगावयाचें राहून जातें, तें बहुधा याच ठिकाणीं सांगतां येतें.